बेडकाच्या पायातले मीठ

मी वऱ्हाडात गेलो तो एका माणसाची बाजू मांडायला. ती मांडा असे त्याने मला सांगितले नव्हते.

आमच्या साताऱ्याच्या घरी पुस्तके थोडी आणि पत्रके फार. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतात. चुकलेल्या, शाई सांडलेल्या प्रती घरी येत आणि त्यांवरच मी अक्षरे शिकलो. दारूबंदी, परदेशी कापड, अस्पृश्यांना खुली विहीर, मुलींची शाळा. माणसाने बाजू घेतलीच पाहिजे, न घेणारा झोपलेला असतो, ही माझी समजूत तिथलीच. अलीकडे मी स्वतः पत्रके लिहितो. त्यांतले एक आपल्या लोकांनी केलेल्या शास्त्रीय संशोधनावर लिहावे असे मनात असताना नागपूरच्या एका मासिकात चार ओळी वाचल्या. अमरावतीच्या एका कॉलेजातले शिक्षक प्रोफेसर माणिकराव गावंडे बेडकाच्या स्नायूत आत-बाहेर जाणारे क्षार मोजतात, आणि एका विलायती ग्रंथातले मत त्यांना पटत नाही, एवढीच बातमी. मला तेवढी पुरली. मी पत्र टाकले. उलट टपाली कार्ड आले: "या. दिवाळीची सुटी आहे, काम अकोल्याला घरी चालते. आधी अमरावतीला उतरा. सामान थोडे आणा, परतताना एक जार धरावा लागेल."

अमरावती

स्टेशनाबाहेर पडल्यावर प्रथम दिसल्या त्या कापसाच्या गाड्या. बैल, त्यावर डोंगराएवढा पांढरा भार, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना, कुंपणांना, तारांना अडकलेला कापूस. आमच्याकडे उसाच्या गाड्यांमागे पोरे धावतात. इथे गाडीमागे कोणी धावत नाही, नुसते पुंजके उडत राहतात. टांगेवाल्याने मला विचारले, "कोन्या गावचे जी?" मी सातारा म्हटल्यावर तो म्हणाला, "म्हंजे पुन्याकडचे." वऱ्हाडात मी पुढचे आठ दिवस पुणेकरच राहिलो. दुरुस्ती करणे मी दुसऱ्या दिवशीच सोडले.

कॉलेज बंद होते. एका खोलीत तेवढा दिवा होता आणि काचेच्या नळीतून एका जारात थेंब थेंब पाणी पडत होते. त्याच्यासमोर स्टुलावर धोतर, कोट, काळी टोपी घातलेले चाळिशीचे गृहस्थ बसले होते. बोटे आम्लाने पिवळी झालेली. मी नमस्कार केला. त्यांनी हात वर करून मला थांबवले, शेवटचा थेंब पडू दिला, बूच लावले, बुचावर मेण ओतले आणि मग नमस्कार केला.

"बसा जी. हे पानी सकाळपासून वाफ करून गाळून राह्यलो. याच्यात मीठ नाई, चुना नाई, काईच नाई. अकोल्याले आमच्या विहिरीत हे सगळं हाये, म्हनून इथून नेतो."

मी विचारले, इथेच प्रयोग का करत नाही? ते म्हणाले, "सुटीत खोली उघडी ठेवाची तर शिपायाले बसवा लागते. त्याची दिवाळी काहून खाऊ? घरी तराजू हाये, शेगडी हाये. भागते."

रात्री एका खानावळीत त्यांनी मला गोळ्याची कढी खाऊ घातली. हरभऱ्याच्या डाळीचे तिखट गोळे आणि आंबट कढी. आमच्याकडे कढीत भजी टाकतात, पण ती लगेच मऊ पडतात. हा गोळा दाताखाली उभा राहतो. गावंडेमास्तरांनी त्याच ताटावर मला त्यांचे सगळे संशोधन समजावले.

"हा गोळा कढीत ठेवला. कढी गोळ्यात शिरते का नाई?"

"शिरते."

"अन् गोळ्यातलं तिखट कढीत येते. बेडकाचा स्नायू तसाच समजा. आत पोटॅशियम हाये, बाहेर रक्तात सोडियम. दोन्ही विजेचा भार घेतलेले कन, शास्त्रात त्यायले आयन म्हनते. फरक इतलाच, गोळ्याले भिंत नाई, स्नायूच्या पेशीले हाये. आता ग्रंथ सांगते, ह्या भिंतीतून पोटॅशियम जाऊ-येऊ शकते, सोडियमले मात्र दार बंद. मले वाटते, दार त्यालेही हाये."

"वाटते?"

"मोजलं नाई तवरक वाटतेच म्हना लागन."

मोजण्याची रीत ऐकायला सोपी होती. एकाच बेडकाचे दोन पाय. डाव्या पायाचा स्नायू लगेच वाळवून, जाळून त्याच्या राखेत सोडियम किती ते पाहायचे. उजवा काही तास अशा मिठाच्या पाण्यात ठेवायचा ज्यात पोटॅशियम मुळीच नाही, मग त्याचीही राख करायची. उजव्यात सोडियम जास्त निघाले तर ते भिंतीतून आत शिरले. (स्नायूच्या फटीत नुसते चिकटलेले मीठ वजा करण्याची त्यांची एक रीत होती. ती त्यांनी मला दोनदा सांगितली. मला समजली नाही हे कबूल करतो.) अडचण एकच. राखेतले सोडियम पिवळी पूड करून खाली बसवणारे औषध जर्मनीहून येई, आणि लढाई सुरू झाल्यापासून ते येणे बंद झाले होते. मास्तरांच्या बाटलीत चार मापांपुरते उरले होते. चार मापे म्हणजे दोन बेडूक.

कलकत्त्याच्या एका प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी त्यांना कळवले होते की, महिनाअखेरपर्यंत विश्वासाने सांगता येईल असे एक तरी माप पाठवा, तुम्हाला वर्षभर इथे जागा देतो. पंधरा वर्षे वर्गात तोच बेडूक तसाच कापून दाखवणाऱ्या माणसाला हे पत्र आले होते. कोटाच्या आतल्या खिशातून काढून त्यांनी ते मला दाखवले, आणि खरकटा हात लांब धरून डाव्या हाताने परत घडी घातले.

मी म्हणालो, "म्हणजे विलायती पुस्तकाला वऱ्हाडचे उत्तर."

ते म्हणाले, "पुस्तक विलायती असो नाई तं दर्यापुरी. सोडियमले स्वराज्य समजत नाई."

मला हे वाक्य तेव्हा आवडले नाही. पत्रकात घालण्यासारखे नव्हते.

जठारपेठ, अकोला

बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्यापर्यंत जार आळीपाळीने आमच्या मांडीवर होता. पेंढ्यात गुंडाळून टोपलीत बसवलेला, तान्हे मूल सांभाळावे तसा. समोरच्या बाकावरच्या बाईने विचारले, "गंगा हाये का?" मास्तरांनी शांतपणे सांगितले, "गंगेपेक्षा सोवळी." ती हात जोडून बाजूला सरकली, आणि मला पाय पसरायला जागा झाली.

घर जठारपेठेत. पुढे अंगण, मागे विहीर, मधल्या एका खोलीत काचेच्या पेटीत ठेवलेला तराजू. पेटीच्या चारी पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या. घर मास्तरांची मोठी बहीण चालवते. सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो. मास्तरांची पत्नी दिवाळीला माहेरी गेली होती. बाईंनी मला दारातच वरपासून खालपर्यंत पाहिले आणि भावाला म्हणाल्या, "लय वाळेल दिसते रे. लेखक म्हनतो ना तू? त्यायले जेवाले भेटत नसन."

ताट आले. ज्वारीची भाकर, पातोडीचा रस्सा, जवसाची चटणी. पातोडी म्हणजे बेसनाच्या वड्या, पण रस्सा असा की कानाची पाळी गरम होते. मी पाण्याचा तांब्या उचलला, एक घोट घेतला आणि तोंडातले तिखट बाजूला राहून मीठच जाणवले.

अकोल्याच्या उत्तरेकडे पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचे पाणी खारे आहे. शहरात काही विहिरी गोड, काही खाऱ्या. ही खारी होती. घरच्यांना सवय असते. पाहुण्यासाठी मात्र इथे एक रीत आहे, आणि ती मी एरवी वऱ्हाडात कुठेही मोडलेली पाहिली नाही: पाहुण्याला खारे पाणी द्यायचे नाही. घरच्यांनी खारे प्यावे, लेकरांनी प्यावे, पण पाहुण्याचा तांब्या गोड्या विहिरीचा. त्यासाठी पाणक्या येतो, कावडीने लांबून आणून देतो. आमच्याकडे पाहुण्याला आधी गूळ देतात, पाणी कुठलेही असो. इथे गुळाचे काम पाणीच करते.

पण दिवाळीसाठी पाणक्या आपल्या गावी गेला होता. बाई कमालीच्या शरमल्या. "आज भागवा बाप्पा. उद्या पायते मी काईतरी."

दुसऱ्या दिवशी रात्रीच्या ताटाला पाणी गोड आले. गोडही नव्हे, अगदी हलके, चवच नसलेले. मी म्हणालो, "बाई, असे पाणी मी कुठे प्यायलो नाही." त्या खूश झाल्या. कुठून आणले ते मी विचारले नाही. पाहुण्याने स्तुती करावी आणि यजमानाने ती ऐकावी, एवढेच आमच्या दोघांना पुरेसे वाटले.

त्या दिवशी सकाळीच बेडूक आले होते. मोर्णा नदीच्या काठी भाजीचा मळा असलेले हबीबभाई फडक्यात बांधून दोन घेऊन आले.

"मास्तर, दोनच भेटले. पन पहिलवान हायेत दोघंबी." मग माझ्याकडे वळून, "ये साहब भी मेंढकवाले हैं?"

"लिहिनारे हायेत," मास्तर म्हणाले.

"मग लिहा साहेब, की हबीब मळ्यात कांदे लावते अन् मास्तरच्या पायी लोक त्याले बेडूकवाला म्हनतात. जमातीत बसाची चोरी झाली."

एक बेडूक ओल्या मडक्यात गेला. दुसऱ्याला मास्तरांनी एका क्षणात मारले. मी तोंड फिरवले नाही, पण विचारले: या जिवाचे काय? लिहिताना मला हे लपवता येणार नाही.

"लपवू नोका," ते म्हणाले. "त्याले किती दुखते मले ठाऊक नाई. एकात भागलं तं दुसरा मी नदीवर सोडून देतो, इतलंच माह्या हाती हाये."

मग दोन दिवस मी एका माणसाला काम करताना पाहिले. पायाचा स्नायू सोलताना त्यांची पिवळी बोटे एखाद्या जुन्या सोनारासारखी हलत. डावा पाय लगेच वाळवायला गेला, उजवा मिठाच्या पाण्यात. शेगडीवर मूस तापवायची, राख पांढरी झाली की थांबायचे. ती जारातल्या पाण्यात विरघळवायची, त्यात औषध टाकायचे, पिवळी पूड खाली बसू द्यायची, गाळायची, वाळवायची, तोलायची. जारचे मेण फोडले त्या दिवशी त्यांनी आधी नुसते पाणी तपासले होते. त्यात मीठ नव्हते. बूच परत लावले होते. डाव्या पायाचे माप त्याच दिवशी झाले. उजव्याचे तिसऱ्या दिवशी.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते तराजूसमोर बराच वेळ बसले. वजने काढली, परत ठेवली, परत काढली. मग उठून अंगणात गेले आणि तुळशीजवळ नुसते उभे राहिले. मी कागद पाहिला. उजव्या पायात सोडियम पुष्कळ जास्त होते. इतके की, माझ्यासारख्यालाही शंका राहू नये.

"दार हाये," ते आत येऊन म्हणाले. आवाज अगदी हळू होता. "बाई, आज गोड कर काईतरी."

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहून काढले आणि साताऱ्याला टपालात टाकले. त्यात भिंत होती, दार होते, परदेशी ग्रंथकार होता, वऱ्हाडचा शेतकऱ्याचा मुलगा होता. सोडियमसुद्धा जवळजवळ स्वराज्यवादी झाले होते. मला ते फार चांगले उतरले असे वाटले.

तोच गाव, चौथा दिवस

कलकत्त्याचे पत्र इंग्रजीत होते आणि मास्तरांचे अक्षर वाईट. माझे बरे आहे, म्हणून स्वच्छ प्रत मी करायची असे ठरले. ते हबीबभाईंच्या मळ्याकडे दुसरा बेडूक सोडायला गेले होते. मी पाट मांडून लिहीत होतो. आकडा लिहून झाला होता. बाईंनी तांब्या आणून ठेवला, मी एक घोट घेतला आणि थांबलो.

पाणी किंचित खारट होते.

"बाई, आज पाणी वेगळे लागते."

"लागंन," त्या हसून म्हणाल्या. "किती डाव भरू मी तरी."

"कुठे भरता?"

"मानूच्या टोपलीतल्या त्या बाटल्यात. तुमाले खारं पानी कसं द्यावं? पानक्या नाई. मंग म्या मनलं, ह्या बाटल्यात एवढं चांगलं पानी हाये, मानूनं तिथं उगंच ठेवलं. रोज दोन तांबे काढते तुमच्यासाठी. अन् कमी दिसलं तं तो कावते, म्हनून दोन तांबे आपल्या विहिरीचं टाकते. तसंच नाई टाकत बाप्पा. तिपदरी फडक्यानं गाळून टाकते."

त्यांनी हे अभिमानाने सांगितले. तीन पदरांचे फडके. माझ्यासाठी.

बाई आत गेल्या. मी समजायला फार वेळ लावला नाही. डाव्या पायाची राख शुद्ध पाण्यात विरघळली होती, उजव्याची विहिरीच्या मिठात. पिवळी पूड जी जास्त बसली ती बेडकाच्या पायातली किती आणि आमच्या मागच्या विहिरीतली किती, हे कोणालाही सांगता येणार नव्हते. आणि ते पाणी मी प्यालो होतो, वर स्तुती केली होती.

आता जे मी केले ते लिहितो, कारण ते न लिहिता बाकीचे लिहिण्याचा मला हक्क नाही. मी लेखणी उचलली आणि उरलेली प्रत पूर्ण केली. सगळी, सुबक अक्षरात, तोच आकडा ठेवून. मनाला सांगितले की, दोन-चार तांब्यांनी असा काय फरक पडेल. मास्तरांचा अंदाज बरोबरच असेल. आकडा थोडा मोठा असेल, दिशा खरी असेल. बाईंना भावासमोर उभे कशाला करायचे. या माणसाला पंधरा वर्षांनी एक पत्र आले आहे. औषध दोन मापांपुरतेच राहिले, आणि दुसरा बेडूक तर आता नदीवर गेला. प्रत्येक सबब खरी होती. दुसऱ्यांनी अशाच खऱ्या सबबी सांगितल्या की मी त्यांच्यावर आठ पानी पत्रके लिहितो, हे मला शेवटच्या ओळीच्या शेवटी आठवले. तरी मी कागदावर वाळू टाकली आणि तो सुकू दिला.

मास्तर आले, हातपाय धुतले, पाटावर बसले, माझ्या अक्षराची तारीफ केली. सही करायला त्यांनी टाक दौतीत बुडवला. तेव्हा मी म्हणालो, "सही करू नका."

मी सांगितले. फडक्याचेही सांगितले.

ते पाटावरून उठले, जारातले थोडे पाणी काचेच्या नळीत घेतले आणि एका काळ्या बाटलीतला एक थेंब त्यात सोडला. नळीत दही लागल्यासारखे पांढरे झाले. शुद्ध पाणी असते तर तसेच राहिले असते. ती पांढरी नळी त्यांनी उजेडात धरली, फार वेळ.

बाई दारात आल्या होत्या. "काय झालं रे मानू?"

"तू बाटल्यातलं पानी काढलं?"

"काढलं. पाव्हन्याले खारं देऊ का मंग?"

मला वाटले आता यांचा आवाज चढेल. मास्तरांनी नळी स्टँडमध्ये ठेवली.

"नाई बाई. पाव्हन्याले खारं देता येत नाई."

"मंग तोंड काहून उतरलं तुह्यं?"

त्यांनी बहिणीला खाली बसवले आणि सांगितले, अगदी गोळा आणि कढीपासून. बाई ऐकत होत्या. सगळे झाल्यावर त्या पदराचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "म्हंजे मी तुह्या कलकत्त्यात मीठ कालवलं."

"तू नाई," ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळले. "पुस्तकवाल्यानं पेशीची भिंत बंद धरली, तपासली नाई, म्हनून मी त्याले नावं ठेवून राह्यलो होतो. अन् मीनं काय केलं? बूच लावलं म्हनून जार बंद धरला. डाव्या पायाआधी तपासला, उजव्याआधी नाई. ही चूक बाईची कशी होते?"

मी पोस्टात जाऊन साताऱ्याला तार केली: येणाऱ्या पत्रकाचे खिळे जुळवू नका. वडिलांना तार पत्रकाच्या आधी मिळाली असे नंतर कळले. त्यांनी कारण विचारले नाही.

हबीबभाईंकडे निरोप गेला तेव्हा ते स्वतःच येऊन बसले. "सोडा म्हनते, पकडा म्हनते. मास्तर, त्या बेडकाचं बी मन हाये." पण रात्रीच्या आत दुसरा बेडूक आणून दिला. तोच की वेगळा, ते आम्ही विचारले नाही.

पुन्हा अमरावती

निघण्याआधी अकोल्याला भाऊबीज झाली होती. बाईंनी भावाला ओवाळले, आणि मलाही. ताटात टाकायला माझ्याकडे नीट काही नव्हते म्हणून मी माझी लेखणी टाकली. त्यांनी ती परत दिली. "हिनं खरं लिहा म्हंजे झालं," असे काही त्या म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "शाई सांडंन ताटात."

या वेळी मास्तरांनी कॉलेजच्या शिपायाला विचारले. तो म्हणाला, "आधीच काहून नाई सांगितलं? घरी बसून बसून बायकोच्या शिव्या खाऊन राह्यलो." खोली उघडली. पाणी समोर गाळले, समोर वापरले. प्रत्येक मापाआधी मास्तर नुसत्या पाण्यात त्या काळ्या बाटलीतला थेंब टाकून पाहत आणि नळी माझ्यापुढे धरत. "स्वच्छ हाये?" "स्वच्छ." मी प्रत्येक वेळी वेळ लिहून ठेवली. पाणी प्यायचे झाले तर मी बाहेर नळावर जात होतो.

दोन दिवसांनी औषधाची बाटली रिकामी झाली. त्यांनी ती उलटी करून झटकली, धुतली आणि फडताळात ठेवली.

उजव्या पायात सोडियम जास्त होते. पण पहिल्याच्या मानाने फारच थोडे. तराजूची चूक जेवढी धरावी लागते त्याहून जरासे पुढे.

"म्हणजे दार आहे?" मी विचारले.

"एका बेडकावरून तसं म्हनता येत नाई. नाई असंही म्हनता येत नाई."

"मग कलकत्त्याला काय लिहायचे?"

"हेच."

पत्राची नवी प्रत मी केली. मी मसुद्यात घातले होते की पहिले माप 'पाण्यातील अशुद्धीमुळे' रद्द केले. त्यांनी ते खोडले.

"अशुद्धी काहून म्हनता? काय झालं ते लिहा. पाव्हन्यासाठी जारातलं पानी काढलं गेलं, त्याच्या जागी खाऱ्या विहिरीचं पडलं, अन् मीनं ते माप घ्यायच्या आधी तपासलं नाई."

"कलकत्त्याचे लोक हसतील."

"हासू द्या. हासल्यावर तरी ध्यानात ठेवतीन अन् आपले जार तपासतीन."

पत्र टाकायच्या आधी आम्ही एकदा अकोल्याला जाऊन आलो, तेव्हा त्यांनी ते बाईंना वऱ्हाडीत वाचून दाखवले. बाईंनी नीट ऐकले. "माह्यं नाव तं नाई टाकलं ना?"

"नाई टाकलं."

"मंग या पाव्हन्याचं टाक. पानी त्यानंच पेलं."

म्हणून त्या पत्रात, इंग्रजीत, 'माझ्या घरी उतरलेला एक पाहुणा' असे शब्द आहेत. तो मी.

हे लिहीपर्यंत कलकत्त्याचे उत्तर आलेले नाही. महिना संपला. जर्मन औषध लढाई संपल्याशिवाय मिळायचे नाही. तोपर्यंत मास्तर स्नायूतून बाहेर पडणारे पोटॅशियम मोजणार आहेत, कारण त्याचे औषध नागपुरात मिळते. मी पत्रक लिहिले नाही. त्याऐवजी हे लिहिले, आणि यात कोणाची बाजू मांडली गेली ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

बडनेऱ्याला ते मला पोहोचवायला आले होते. फलाटावर कापसाच्या गासड्या रचल्या होत्या, त्यांवर आम्ही बसलो. इतके दिवस मनात असलेला एक प्रश्न मी गाडी दिसू लागल्यावर विचारला.

"मास्तर, लढाई संपली, औषध आले, तुम्ही पन्नास बेडूक तपासले, आणि शेवटी तो पहिला मोठा आकडाच खरा निघाला तर?"

ते थोडे हसले. टोपी काढून त्यांनी तिच्यावरचा कापूस झटकला.

"निघो ना," ते म्हणाले. "पन तो मीनं मोजेल नव्हता."